आमच्याकडे असंच असतं

नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी आंघोळ केली नाही तर नरकात जावं लागतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि दरवर्षी साडेसातला उठून तिथली माझी जागा पक्की करत आलो. गेल्या दिवाळीत मात्र पहाटे पावणेचारला मी टक्क जागा होतो. पुण्य माझं नव्हे, पाच महिन्यांच्या कन्येचं. ती रोजच त्या वेळी उठते. त्या दिवशी फक्त तिच्या उठण्याला धर्माचा पाठिंबा मिळाला.

चिमीची ती पहिली दिवाळी, म्हणून दोन्ही आज्या मुक्कामाला. माझी आई माहेरची वाईची, सासूबाई रत्नागिरीच्या आणि आम्ही डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत. दोघींचं मेतकूट चांगलं आहे. दोघी बोलतातही एकच वाक्य: "आमच्याकडे असंच असतं." फक्त त्यातलं 'असंच' वेगवेगळं. आईकडे पहिल्या आंघोळीनंतर चकली-लाडवांचं ताट समोर येतं. सासूबाईंकडे त्या सकाळी पोह्यांचं राज्य: दूधपोहे, दहीपोहे, गुळाचे पोहे, फोडणीचे पोहे. आम्ही नवराबायको कालपर्यंत डबेवाल्या काकूंच्या भरवशावर जगणारे. एकदम घराचे कर्ते झालो, आणि 'आमच्याकडे' म्हणून सांगावं असं आमच्याकडे काहीच नव्हतं.

माझं स्थानही बदललं होतं. दोनच वर्षांपूर्वी दिवाळसणाला याच सासूबाईंनी मला पाटावर बसवून, भोवती रांगोळी काढून ओवाळलं होतं. या वेळी त्या दारातून आल्या, चपला काढता काढता "बाळ कुठंय?" म्हणाल्या आणि हातातल्या पिशव्या माझ्याकडे दिल्या.

अभ्यंगस्नानाचा बेत आठवडाभर चालला होता. आज्यांच्या यादीत तीळतेल, उटणं आणि नंतर शेक-धुरी. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, तेल हलक्या हाताने लावा, उटण्याने पुरळ उठू शकतं आणि धूर तर मुळीच नको. सबंध वाटाघाटी होऊन ठरलं ते असं: तेल सर्वांगाला, उटणं फक्त उजव्या टाचेला चिमूटभर, आणि धुरीची शेगडी न पेटवता नुसती कोपऱ्यात ठेवायची. आईने त्या थंड शेगडीकडे समाधानाने पाहिलं आणि म्हणाली, "मान राहिला." औक्षणाच्या वेळी चिमीने निरांजनावरच झडप घातली, तेव्हा ताट मागे सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दारात गेलं आणि तिथूनच, परक्या देशाच्या राजदूताला ओवाळावं तसं, तिला ओवाळलं गेलं.

मग कारीट निघालं. सासूबाईंनी रत्नागिरीहून आठवणीने आणलेलं. ते तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं, म्हणजे नरकासुर मेला. मी म्हटलं, "आमच्याकडे लिंबू फोडतात." जन्मापासून आमच्या घरी लिंबूच फोडतात आणि शाळेत या वेगळेपणाचा मला अभिमान होता. आमचं घराणंच निराळं, असं मी मित्रांना सांगत असे.

आई एकदम पदराने तोंड पुसू लागली. "अरे, तुझी पहिली दिवाळी इटारसीला झाली ना, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. तिथल्या भाजीवाल्याला कारीट हा शब्दच कळेना. मग घरात लिंबू होतं, ते घेतलं. पुढच्या वर्षी तुझे बाबाच म्हणाले, लिंबू कुठंय, आपल्याकडे लिंबू असतं."

तेहेतीस वर्षं मी ज्या परंपरेवर मान ताठ ठेवली, तिचं वय माझ्याएवढंच निघालं. पण खरं सांगतो, वाईट वाटण्याऐवजी मला हलकंच वाटलं. बावीस-तेवीस वर्षांची माझी आई, परका मुलूख, कडेवर मी, आणि हातात लिंबू घेऊन ती विचार करते आहे की याने भागेल का. म्हणजे तिलाही काही येत नव्हतं तर. मी चिमीच्या डाव्या अंगठ्याला आधी कारीट टेकवलं आणि मग लिंबू. नरकासुर दोनदा मेला. त्या दिवशी एकूण चार जणांनी कारटाचा थेंब जिभेला लावला आणि पोह्यांवर सगळ्यांनी थोडा जास्तच गूळ घेतला.

फराळाच्या आघाडीवर मी अनारसे घेतले होते. तुपात सोडलेला अनारसा फुटून पसरला तर तो 'हसला' म्हणतात. माझा पहिला घाणा खो खो हसला, दुसऱ्याने त्याला साथ दिली. उरलेला फराळ कोपऱ्यावरच्या काकूंकडून आला. ज्या बाळासाठी हा थाट, तिला सहा महिने पुरे होईपर्यंत दुधाशिवाय काही द्यायचं नव्हतं. ती मांडीवर बसून प्रत्येक लाडवाचा ताटापासून तोंडापर्यंतचा प्रवास क्रिकेटच्या पंचासारखी डोळे न मिटता पाहत असे. त्या नजरेखाली लाडू खायला निर्ढावलेपण लागतं. ते मला दुसऱ्या दिवशी आलं.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून मराठी माणसाला फराळाइतकीच वाचायची सवय लावली. एका हातात बाळ असताना दुसऱ्या हाताने जाडजूड अंकाचं पान कसं उलटायचं, हे मात्र अजून कोणी शोधलेलं नाही. बायकोने चार दिवसांत एका कथेचं पहिलं पान सात वेळा वाचलं. "सुरुवात छान आहे," एवढं मत तिने आजवर दिलं आहे.

फटाक्यांची आम्हाला खरी धास्ती होती. चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज नको असा नियम आहे, पण आमच्या इमारतीखालच्या पोरांनी तो वाचलेला नसावा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आम्ही खिडक्या लावल्या, फटींत टॉवेल कोंबले, गजांवर गोधड्या टांगल्या. सुतळी बॉम्बच्या अख्ख्या रांगेत चिमीची पापणी लवली नाही. रात्री अकराला सगळं शांत झाल्यावर मी बिस्किटाचा पुडा उघडला. तेवढ्या कागदाच्या आवाजाने जी उठली ती दोनपर्यंत.

फडके रोडचं सांगायचं राहिलं. दिवाळीच्या पहिल्या सकाळी नटूनथटून गणपतीच्या देवळापाशी फडके रोडवर जायचं, ही डोंबिवलीच्या तरुणांची रीत. आम्हा दोघांची ओळखही तिथलीच. तेव्हा घरी काय सांगून बाहेर पडायचं हा प्रश्न होता. या वेळी पावणेचारपासून जागे असलेले आम्ही सातला तिथे पोचलो, तर चिमी कुंचीत गाढ झोपलेली. पोरापोरींच्या त्या रंगीत गर्दीत आम्ही आळीपाळीने जांभया दिल्या आणि चहा पिऊन परतलो.

भाऊबिजेला पेच पडला. चिमीला भाऊ नाही. पुण्याहून आत्तेभाऊ यायचा होता, त्याला ताप आला. सासूबाई म्हणाल्या, "भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं, आमच्याकडे असंच असतं." आई म्हणाली, "आमच्याकडेही." दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं. पण द्वितीयेची कोर सूर्यामागोमागच मावळते आणि आमच्या पश्चिमेला एक बावीस मजली इमारत उभी राहते आहे. गॅलरीत आम्ही पाच जण माना वाकड्या करून उभे. चंद्र कुठल्या मजल्यामागे गेला ते कळेना. ताटातलं निरांजन फडफडू लागलं.

तेवढ्यात चिमीने हात वर करून आकाशकंदिलाची झिरमिळी पकडली आणि काही केल्या सोडेना. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही आज्यांकडे पाहिलं. आई हळूच म्हणाली, "गोल आहे, वर आहे, उजेड देतो. ओवाळा." आम्ही कंदिलाला ओवाळलं. ओवाळणी म्हणून चिमीच्या मुठीत दिलेली नोट तिने तत्काळ तोंडात घातली.

आणखी तीस वर्षांनी ही मुलगी कुठल्या तरी गॅलरीत कुणाला तरी ठासून सांगेल, "आमच्याकडे भाऊबिजेला आकाशकंदिलाला ओवाळतात." तेव्हा तुम्ही जवळपास असाल तर एक विनंती आहे. त्या बावीस मजली इमारतीचं तिला सांगू नका. ते आम्ही सांगू, तिच्या कडेवर मूल आलं की.