बंदरावरचा तिपाईधारी

कोकणच्या किनाऱ्यावर, विशेषतः दापोलीजवळच्या हर्णै बंदरात, हिवाळी सुट्ट्यांमध्ये उजाडण्यापूर्वीच जो मनुष्यविशेष आढळतो, त्यास सोयीसाठी तिपाईधारी म्हणावे; कारण कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या त्या तीन पायांवर त्याचा स्वतःच्या दोन पायांपेक्षा अधिक विश्वास असतो. नौकांवर त्याचे निस्सीम प्रेम असते, मात्र नौका कामाला लागली की ते ओसरते.

याला त्याच्या स्वभावाइतकेच भौतिकशास्त्रही जबाबदार आहे. भिंगापुढे ‘एनडी फिल्टर’ नावाची काळसर काच लावून तो शटर, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश सोडणारी झडप, 30 सेकंद उघडी ठेवतो; तेवढ्या अवधीत लाटा एकमेकींत विरून समुद्राचे धुके होते, जे त्याला हवे असते, आणि नांगरलेली होडीही डुलून डुलून पुसट होते, जे त्याला मुळीच नको असते. साहजिकच चिखलात रुतलेली, रंग उडालेली, शक्यतो सुकाणू हरवलेली होडी त्याची नायिका ठरते, आणि सुरमईने भरलेला ट्रॉलर समोरून गेला तर त्याची ‘फ्रेम’ बिघडते.

रुतलेल्या होडीसाठी ओहोटी लागते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारणपणे मिळते, हा हिशेब किनाऱ्यावरच्या पोरासोरांनाही तोंडपाठ असतो. तिपाईधाऱ्याच्या मोबाइलवर सूर्योदयाचे मिनिट असते, पण तिथी नसते. त्यामुळे रजेच्या सोयीने निवडलेला शनिवार नेमका अष्टमीचा निघतो, पहाटे सहाच्या सुमारास बंदर तुडुंब भरते, एकूण एक होडी आनंदाने डुलू लागते आणि तो एकटा खिन्न होतो. वास्तविक 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात असंख्य नौका किनाऱ्यावर ओढून निश्चल ठेवलेल्या असतात; परंतु त्या शाकारलेल्या, म्हणजे पावसापासून जपण्यासाठी झावळ्यांनी किंवा निळ्या प्लास्टिकने झाकलेल्या असतात, आणि निळे प्लास्टिक कलेत बसत नाही.

माणसांविषयी त्याचे धोरण उदार आहे. पाग, अर्थात हाताने फेकायचे गोल जाळे, घेऊन कोणी दिसल्यास ते सूर्याच्या दिशेने फेकण्याची तो विनंती करतो, आणि मासे दुसऱ्या बाजूला आहेत हे उत्तर त्याला किंचित अरसिक वाटते.

अखेरीस शेजारच्या वीस होड्या कापून टाकून उरलेल्या एकीच्या छायाचित्राला तो ‘एकाकी’ असे शीर्षक देतो आणि ते कौतुकाने तिच्या नाखव्याला, म्हणजे मालकाला, दाखवतो. नाखवा धुक्याकडे आणि केशरी आभाळाकडे लक्ष न देता दोन बोटांनी चित्र मोठे करतो, तळाजवळच्या दोन फळ्यांमधली फट बराच वेळ निरखतो आणि हा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवता येईल का, असे विचारतो. तिपाईधारी धन्य होऊन तो तत्काळ पाठवतो, आणि नाखवा तसाच तो पुढे सुताराला धाडतो.