इटलीवाल्यांना पिझ्झा जमत नाही

गोव्यातल्या बार्देस, पेडणे आणि डिचोली या तीन तालुक्यांचे एखाद्या विषयावर एकमत होणे हा दुर्मिळ योग. खाणी, मोपाचा विमानतळ, टॅक्सीचे भाडे, कशावरही ते झालेले नाही. पिझ्झ्यावर मात्र झाले आहे. इटलीच्या लोकांना पिझ्झा करता येत नाही, यावर तिन्ही तालुके ठाम आहेत. हरमल-मांद्र्याच्या किनारपट्टीवर लाकडाच्या भट्टीतला, अस्सल नेपल्स पद्धतीचा म्हणून जो पिझ्झा मिळतो, तो बार्देसातल्या म्हापशाच्या माणसापुढे ठेवून पाहा. तो आधी मधला भाग बोटाने दाबतो. मग एक त्रिकोण उचलतो, त्रिकोणाचे टोक मान टाकते आणि पहिला निकाल लागतो: ‘पीठ कच्चें उरलां.’ तेवढ्यात कडेचे काळे डाग नजरेस पडतात आणि आरोपपत्रात दुसरे कलम चढते: करपला. एकच पदार्थ एकाच वेळी कच्चा आणि करपलेला कसा, हा प्रश्न या न्यायालयात विचारायचा नसतो. बिल आले की तिसरे कलम लागते आणि त्यावर अपील नाही. या सदराचे म्हणणे एवढेच की हा निकाल पिझ्झ्याबद्दलचा नाहीच. तो निकाल देणाऱ्याच्या गावातल्या भट्टीबद्दलचा आहे. त्यात म्हापशाचे काही चुकते असेही नाही, कारण जगात पिझ्झ्याविषयी दिलेला जवळजवळ प्रत्येक निकाल असाच असतो. म्हापसा चुकतो तो त्याच्या पुढच्या पायरीवर.

आधी आरोपीची बाजू. नेपल्समध्ये १९८४ साली खऱ्या नापोली पिझ्झ्याचे रक्षण करण्यासाठी एक संघटना स्थापन झाली आणि तिने नियमावली केली. पीठ हातानेच थापायचे, लाटणे लावायचे नाही. व्यास ३५ सेंटिमीटरच्या आत. भट्टी लाकडाची, तिची तळी ४८५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली, आणि पिझ्झा आत राहणार ६० ते ९० सेकंद. एवढ्या आचेत एवढ्या थोड्या वेळात कड फुगते, तिच्यावर काळे फोड येतात आणि मधला भाग मऊ राहतो, इतका की पिझ्झ्याची चौघडी घालून तो रस्त्यात उभ्याने खाता यावा. म्हणजे म्हापशाने ज्या दोन कलमांखाली शिक्षा ठोठावली, ती दोन्ही नेपल्सच्या नियमपुस्तकात गुण म्हणून नोंदलेली आहेत. युरोपीय संघाने २०१० मध्ये या पिझ्झ्याला पारंपरिक पदार्थ म्हणून हमीचा शिक्काही दिला. तेव्हा कच्चेपणा आणि करपणे यांना ब्रुसेल्सचे संरक्षण आहे, हे आपल्या पंचांनी लक्षात घ्यावे.

आता पंचांची बाजू. बार्देसमध्ये पोर्तुगीज १५४३ मध्ये आले आणि त्यांच्यामागून पाव आला. गेली साडेचारशे वर्षे या तालुक्यात पिठाला लाकडाच्या भट्टीत घालण्याचा धंदा अखंड चालू आहे. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत सकाळ-संध्याकाळ दारात येतो. त्याच्या टोपलीत कोंडा लावलेली, आतून पोकळ पोई असते, कडक पाठीचा उंडो असतो, कातरो असतो आणि चहात बुडवल्याखेरीज दाताला न जुमानणारे काकण असते. ज्या माणसाच्या कानाला उंड्याची पाठ फुटल्याचा आवाज लहानपणापासून ठाऊक, त्याला मान टाकणारे पीठ हा कारागिराचा आळस वाटणार. शिवाय पिझ्झ्याशी त्याची पहिली ओळख झाली ती बेकरीच्या काचेच्या कपाटात, पॅटिस आणि क्रीम रोलच्या शेजारी. आधीच एकदा भाजलेला बेस, त्यावर बाटलीतला टोमॅटो सॉस, कांदा, ढोबळी मिरची, किसलेले चीज, आणि पुन्हा एकदा भट्टी. दोनदा भाजलेला पदार्थ कच्चा निघेल कसा? त्यामुळे पक्केपणा हे पिझ्झ्याचे मूळ लक्षण होय, असा सिद्धांत वयाच्या आठव्या वर्षीच तयार होतो आणि पुढे कितीही प्रवास केला तरी तो पासपोर्टबरोबर जातो.

पेडणे आणि डिचोलीचा सिद्धांत निराळा आहे, कारण त्यांचा इतिहास निराळा आहे. हे तालुके पोर्तुगिजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे बार्देसनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. तोवर तिथली सकाळ घावन, आंबोळी आणि तांदळाच्या भाकरीने काबीज केलेली होती आणि ती कुठल्याच व्हाइसरॉयला सोडवता आली नाही. पाव तिथे मुख्यतः हॉटेलातून आला, भाजीच्या मागोमाग. पातळ भाजी, सुकी भाजी, दोन्हींची मिक्स; पाव फक्त ती उचलायला. म्हणून बार्देसकर पिझ्झ्याच्या पिठाची चौकशी करतो, आणि पेडणेकर किंवा डिचोलकर पहिला प्रश्न विचारतो तो वर काय आहे याचा. त्याच्यापुढे मार्गरिता आली की तो गप्प होतो. टोमॅटो, थोडे चीज आणि तुळशीच्या नात्यातली चार पाने. वृंदावनासमोर दिवा लावणाऱ्या घरातल्या माणसाला त्या पानांचे मोल कळत नाही असे नाही. पण तेवढ्यासाठी कोणी चारशे-पाचशे रुपये मागावेत हे त्याला धर्मसंकट वाटते. एकाच ताटाला तीन तालुके दोन वेगळ्या कारणांनी नापास करतात, यातच ताटाची परीक्षा झालेली नाही हे दिसते. झाली ती मोजपट्टीची.

हे फक्त आपल्याकडेच चालते असे समजून लाजण्याचे कारण नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कचा पिझ्झा पातळ आणि शिकागोचा खोल ताटलीत भाजलेला. २०१३ मध्ये जॉन स्ट्युअर्ट या विनोदवीराने आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात शिकागोचा पिझ्झा हा पिझ्झाच नव्हे, असे सांगण्यासाठी कित्येक मिनिटे आरडाओरडा केला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचे नवे महापौर बिल डी ब्लासिओ काट्या-सुरीने पिझ्झा खाताना दिसले आणि शहराची अस्मिता दुखावली. वास्तविक ते इटालियन वंशाचे, आणि इटलीत पिझ्झा काट्या-सुरीनेच खाणारे पुष्कळ. खुद्द इटलीत रोमचा पिझ्झा पातळ आणि कुरकुरीत असतो आणि रोमकर नेपल्सच्या पिझ्झ्याबद्दल जे बोलतात, ते ऐकले तर त्यांना म्हापशात बिनशर्त मतदानाचा हक्क द्यावा लागेल. अननसाचा पिझ्झा १९६२ मध्ये कॅनडात एका ग्रीक माणसाने काढला, नाव दिले हवाईचे, आणि २०१७ मध्ये आइसलँडचे अध्यक्ष शाळेतल्या मुलांना सांगून बसले की अधिकार असता तर मी त्यावर बंदी घातली असती. देशोदेशीची अशी साक्ष पाहता, पिझ्झ्याबद्दल तटस्थ मत असलेला माणूस एक तर उपाशी असतो किंवा पोट भरलेला.

यावर पहिला आक्षेप येणार तो विद्वानांचा. बाकी सगळे ठीक, पण मूळ ते मूळ. पिझ्झा नेपल्सचा, बाकीच्यांचे मत हे मत, त्यांचे मत हे प्रमाण. युक्तिवाद भारदस्त आहे, फक्त इतिहासाला तो झेपत नाही. टोमॅटो अमेरिकेतून आला. ज्या म्हशीच्या दुधाचे मोझरेला नेपल्सच्या आसपास अभिमानाने मिरवतात, ती म्हैस मूळची आशियातली. तिचे पूर्वज आपल्याच बाजूला चिखलात डुंबत होते. १८८९ मध्ये राणी मार्गरितासाठी हा पिझ्झा झाला, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे, पण तिच्या पुराव्यादाखल दाखवल्या जाणाऱ्या पत्रावर इतिहासकारांनी शंका घेतली आहे. पार्मा विद्यापीठाचे आल्बेर्तो ग्रांदी तर इटलीच्या अनेक ‘प्राचीन’ पदार्थांना दुसऱ्या महायुद्धानंतरची अपत्ये म्हणतात आणि त्यापायी देशबांधवांच्या शिव्या खातात. आगेहानंद भारती नावाचे ऑस्ट्रियात जन्मलेले संन्यासी अमेरिकेत मानववंशशास्त्र शिकवत. त्यांनी १९७० मध्ये एका निबंधात दाखवले की घरची साधी वस्तू परदेशात जाते, तिथे मोठी होते आणि परत आली की घरचे लोक तिला पुजू लागतात. पिझ्झा असाच अमेरिकेहून प्रतिष्ठा घेऊन परतला, असे ते म्हणाले, आणि या प्रकाराला त्यांनी पिझ्झ्याचेच नाव दिले. उदाहरणे त्यांना हवी होती ती आपल्या धर्माची आणि योगाची. हरमलला योगवर्ग आणि पिझ्झ्याची भट्टी एकाच गल्लीत सापडतात, ही त्यांना वाहिलेली आदरांजलीच म्हणायची.

मूळपणाचा दिमाख किती ताजा आहे, याला आणखी एक साक्षीदार आहे. तारायंत्राचे जनक सॅम्युएल मोर्स १८३१ मध्ये नेपल्सला गेले होते. तिथला पिझ्झा पाहून त्यांना गटारातून ओढून काढलेल्या पावाची आठवण झाली, तसे त्यांनी लिहून ठेवले. रस्त्यावरचा, गरिबांचा, स्वच्छतेचा ठावठिकाणा नसलेला पदार्थ, हे तेव्हाचे सभ्य मत. आता हेच वर्णन घेऊन म्हापशाला या. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनवर बंदी घातल्याची बातमी देशभर गाजली. बोडगेश्वराच्या जत्रेतले गाडे, कृत्रिम रंग, शंकास्पद सॉस, अस्वच्छता, हा आरोपांचा गाभा. आरोप खरे असतील आणि तसे असतील तर कारवाईही योग्य. पण मोर्सच्या वेळी नेपल्सला असाच एखादा दक्ष नगरसेवक लाभला असता, तर आज जगाला पिझ्झा मिळाला नसता. मुंबईत नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये ज्या मंचुरियनला जन्म दिला असे मानतात, त्याच्या फुलकोबीतल्या अवताराला उद्या कोणी नियमावली देणार नाही, याची हमी कोणी द्यावी? रंग अमुक लाल, तळणे अमुक सेकंद, गाडा देवळापासून अमुक अंतरावर. दीडशे वर्षांनी युनेस्कोचे पथक म्हापशाला येईल तेव्हा ठरावाची प्रत मात्र लपवावी लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सगळ्या मोजपट्ट्या गावोगावच्या, तर मग चांगले-वाईट काही उरतच नाही. पाकिटातल्या बेसवर सॉस ओतणारा आणि दोन दिवस पीठ आंबवणारा, दोघांना सारखेच गुण द्यायचे का? मुळीच नाही. निष्ठा फक्त प्रश्नपत्रिका ठरवते. पेपर लिहावाच लागतो. पीठ मऊ हवे की कडक, हे गाव ठरवेल. पण ते नीट आंबले की नाही, भट्टी पुरेशी तापली की नाही, चीज दुधाचे आहे की वनस्पती तेलाचे, याला तालुका नसतो. नेपल्सच्या कारागिराला म्हापशाच्या भट्टीसमोर उभे केले तर त्याला दुभाषा लागणार नाही. लांब दांड्यावरून पीठ आत सरकवणे, लाकडाची आच हाताच्या पाठीने जोखणे, पीठ केव्हा ‘झाले’ हे घड्याळाआधी ओळखणे, ही दोघांचीही विद्या. आपला पोदेर तर एकेकाळी माडाच्या सुरेने पीठ आंबवत असे. तीच नैसर्गिक आंबवणूक आज आसगावच्या कॅफेत पाटीवर लिहून विकली जाते. तेव्हा बेकरीचा पिझ्झा ‘आपला’ आहे म्हणून तो चांगला ठरत नाही. पाकिटातल्या बेसचा बेकरी पिझ्झा म्हापशाच्या स्वतःच्या मोजपट्टीवरही नापास आहे. फक्त त्याची तपासणी आपण कधी लावत नाही.

तिसरा आक्षेप असा की या किनाऱ्यावरच्या भट्ट्या आपल्यासाठी नाहीतच. त्या पाहुण्यांसाठी, मग आपण मत देऊच कशाला? पण पाहुणेही काही मत न घेता येत नाहीत. शनिवार-रविवारी दिल्लीहून येणाऱ्याची निष्ठा १९९६ मध्ये भारतात आलेल्या डॉमिनोजशी असते. नेपल्सचा पिझ्झा समोर आला की तो आधी ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्सची पुडी मागतो. तेही हरमलमध्ये, जिथल्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याच डॉमिनोजने इटलीत सात वर्षे धडपड करून २०२२ मध्ये गाशा गुंडाळला, ही बातमी त्याला सांगितली तर तो इटलीविषयी हळहळेल. म्हणजे पाहुणा, मालक, गिऱ्हाईक, शेजारी, सगळे आपापली भट्टी खिशात घेऊनच टेबलावर बसतात.

इथवर म्हापशाची बाजू भक्कम आहे. आता ती पुढची पायरी. युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नेपल्सचे जे घेतले, तो पिझ्झा नव्हे. पिझ्झा भाजणाऱ्याची कला. नेपल्सच्या हट्टाला जगाने मान दिला, कारण त्यांनी पदार्थाआधी कारागीर सांभाळला. संघटना केली, शिकाऊ तयार केले, भट्टीपुढच्या माणसाला नाव आणि दाम दिले. आपल्याकडे निष्ठा जिभेवर आहे, खिशात नाही. पाव एका रुपयाने महागायचा म्हटले की तालुक्यात महागाईवर परिसंवाद सुरू होतात. लाकूड महाग, सूर काढणारा रेंदेर दुर्मिळ, पोदेराच्या मुलाला भट्टीत रस नाही, कित्येक भट्ट्या भाड्याने गेल्या, कित्येक बंद पडल्या, आणि संध्याकाळी भोंपू वाजला नाही तर आपण सुपरमार्केटातला कापलेला पाव बिनतक्रार आणतो. त्या पावाला ‘कच्चो’ म्हणून परत पाठवल्याचे ऐकिवात नाही. सगळा कडकपणा हरमलच्या इटालियनासाठी राखून ठेवलेला.

म्हणून न्यायालय बरखास्त करा असे या सदराचे म्हणणे नाही. फक्त न्यायाधीशांच्या पात्रतेचा एक नियम घालावा. ज्याच्या घरी अजून पोदेराचा पाव येतो आणि दर वाढला तरी येतो, त्याने नेपल्सच्या पिझ्झ्याला खुशाल कच्चा म्हणावे, करपलेला म्हणावे, इटलीला परत पाठवावे. बाकीच्यांनी बिल भरून निमूट घरी जावे.