बँडातले साहेब

बंगळूर शहरात इलेक्ट्रॉनिक सिटीपासून व्हाइटफील्डपर्यंत संगणकाच्या कचेऱ्यांची जी अफाट वसाहत पसरलेली आहे, तिच्यात सांगली, पुणे, बेळगाव येथून येऊन रुजू झालेले आणि पंधरावीस वर्षांत बढतीच्या पायऱ्या चढत स्वतंत्र केबिन व किंचित सुटलेले पोट ही दोन्ही संपादन केलेले जे मराठी गृहस्थ आढळतात, त्यांतील एका विशिष्ट उपजातीचे दर्शन ज्याला घ्यावयाचे असेल, त्याने कंपन्यांच्या बँडांची एखादी धर्मादाय स्पर्धा गाठावी. रंगमंचाच्या बरोबर मध्यभागी, काळ्या टी-शर्टवर कंपनीचे ओळखपत्र लोंबत ठेवून आणि लाल इलेक्ट्रिक गिटार पोटावर विसावून जे उभे असतात, तेच आमचे साहेब.

बालपणी पेटीच्या मास्तरांनी त्यांना यमनापाशीच सोडून दिले होते; गिटार त्यांनी चाळिशी उलटल्यावर बोनसातून घेतली. उशिरा उमललेल्या या प्रतिभेच्या समर्थनार्थ ते रघू दीक्षितांचा दाखला देतात. नाशिकात जन्मलेला, म्हैसुरात वाढलेला, सूक्ष्मजीवशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर जर नोकरी सोडून जगभर गात हिंडू शकतो, तर आपण काय म्हणून मागे राहावे? नोकरी सोडण्याचा भाग तेवढा साहेब, गृहकर्जाच्या हप्त्यांकडे पाहून, वगळतात.

या बँडात सुरांच्या आधी हुद्दे जुळवावे लागतात. कीबोर्डवर लेखाविभागाच्या बाई, ड्रमवर टेस्टिंगमधला एक पंजाबी, आणि दुसऱ्या गिटारवर साहेबांच्याच हाताखालचा शिलाँगचा एक पोरसवदा अभियंता, जो खरोखर वाजवतो. ईगल्सचे 1976 सालचे ‘होटेल कॅलिफोर्निया’ हे गाणे अशा स्पर्धांत सत्यनारायणाच्या प्रसादासारखे अटळ असते. त्याच्या अखेरीस मूळ ध्वनिमुद्रणात डॉन फेल्डर व जो वॉल्श हे दोघे आळीपाळीने आणि मग जोडीने जे दीर्घ गिटारवादन करतात, त्यातले कोणाच्या वाट्याला काय यावे, हा प्रश्न आमच्याकडे संगीताचा नसून गोपनीय अहवालाचा असतो. वार्षिक मूल्यमापन एप्रिलात आणि स्पर्धा फेब्रुवारीत, त्यामुळे शिलाँगकर आपला हात इतक्या कौशल्याने आखडता घेतो की ते जाणत्यालाच कळावे. साहेबांची बोटे अडखळली की पुढचे सूर तो मान खाली घालून मुकाट्याने वाजवून टाकतो, आणि साहेब डोळे मिटून ते आपलेच असल्याचा चेहरा करतात. इतकी सेवानिष्ठा पेशवे दफ्तरातही क्वचितच नोंदलेली असेल.

परोपकाराची बाजू साहेब जातीने सांभाळतात, म्हणजे तिकिटे मातहतांना खपवायला लावतात. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 अन्वये मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान 2 टक्के समाजकार्यावर खर्चावयाचे असतात. तेव्हा मंडप, ध्वनियंत्रणा आणि कलावंतांचे भोजन त्याच सदरात घालावे, असा अर्ज त्यांनी केला. मुख्य हिशेबनिसाने केंद्र सरकारचे जून 2014 चे परिपत्रक पुढे केले, ज्यात मॅरेथॉनसारखे एकवेळचे समारंभ या खर्चात धरता येणार नाहीत असे स्वच्छ म्हटलेले आहे. सरकारची ही रसिकता पाहून साहेबांना खेद झाला. खर्च मग कर्मचारी कल्याणाच्या खाती पडला.

परंतु धर्मादायाचा खरा लाभ कोणत्याच वहीत दिसत नाही. अनाथ बालकांसाठी बेसूर झालेल्या मनुष्यास बेसूर म्हणण्याइतका निर्दय परीक्षक अद्याप जन्मास यावयाचा आहे. तिकिटाचे पैसे सत्कार्यास गेल्यामुळे श्रोत्यांना ते परत मागता येत नाहीत, आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसलेला एखादा खरा वादक ‘उत्साह’ आणि ‘सांघिक भावना’ या दोन शब्दांच्या आश्रयाने आपली अब्रू व साहेबांचा मान दोन्ही राखतो. माझ्या मते या कवचासाठीच साहेबांना समाजकार्याची गोडी लागली असावी. बंद खोलीत एकट्याने वाजवण्याचा प्रयोग त्यांच्या सौभाग्यवतींनी पूर्वीच बंद पाडला होता.

मल्लेश्वरमकडे व्हायोलिनच्या आकाराचे चौडय्या स्मारक सभागृह आहे. आवाज मागच्या रांगांपर्यंत पोहोचावा म्हणून टी. चौडय्यांनी आपल्या व्हायोलिनला चारांऐवजी सात तारा लावल्या, ही हकिकत कानी आल्यापासून साहेब आपला ॲम्प्लिफायर वाढवण्याची प्रत्येक मागणी चौडय्यांच्या नावे करतात.

गेल्या खेपेस स्पर्धा उघड्या मैदानावर होती. ड्रमवाला नेहमीप्रमाणे सिल्क बोर्डच्या चौकात अडकला, बँडाचा क्रम सरकत सरकत शेवटी गेला, आणि साहेबांनी ते प्रसिद्ध वादन आरंभताच, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास 2000 सालच्या नियमांनी असलेली मनाई घड्याळासह दाखवीत एक पोलीस अधिकारी मंचावर आले. श्रोत्यांनी त्या दिवशीचा सर्वांत मोठा टाळ्यांचा कडकडाट केला. तो कोणासाठी होता याविषयी साहेबांच्या मनात संशय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बैठक बोलावली, कार्यवृत्तात पराभवाचे कारण म्हणून सिल्क बोर्डचा चौक नोंदवण्यात आला, सर्वांनी सह्या केल्या, आणि पुढील वर्षाचा प्रवेशअर्ज भरण्याची कामगिरी शिलाँगकराच्या उद्दिष्टांत समाविष्ट झाली.