विंग डिफेन्सची कैफियत

बायकोच्या मिश्र नेटबॉल संघात एक पुरुष कमी पडला, तेव्हा उपकार केल्याच्या थाटात मी तयार झालो. शाळेत मी कबड्डीचा कॅप्टन होतो. मेलबर्नमधल्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घराला हे ठाऊक आहे, नसेल तर सांगतो.

वाटलं होतं, निदान सेंटर तरी देतील. हातात पडला ‘डब्ल्यूडी’चा, म्हणजे विंग डिफेन्सचा बिब. या प्राण्याला गोल करता येत नाही, दोन्हीकडच्या वर्तुळात शिरता येत नाही, आणि आपली माणसं जिथे गोल मारतात त्या टोकाच्या भागात नुसता पाय पडला तरी शिट्टी. चेंडू मिळालाच तर तीन सेकंदांत सोडायचा. घेऊन पळायचं नाही. समोरच्याकडे चेंडू असला की ०.९ मीटर लांब राहायचं, अंगाला अंग लावायचं नाही. मग पकड करायची कशी, हे कुणी सांगेना.

पण खरी गंमत शिक्षेची. धक्का लागला की पेनल्टी पास. गुन्हेगाराने चेंडू टाकणाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं आणि चेंडू त्याच्या हातून सुटेपर्यंत खेळात नाक खुपसायचं नाही. या वेळात हातांचं काय करायचं, ते नियमावलीत नाही. कमरेवर ठेवले तर भांडण उकरल्यासारखं दिसतं, मागे बांधले तर प्रार्थनेला उभं राहिल्यासारखं. मी आपला भलत्याच साखरपुड्यात शिरलेल्या पाहुण्यासारखा लांब कुठेतरी बघत राहतो. माझ्याहून हातभर बुटकी बाई शेजारी उभी राहून कुणाला पास द्यावा याचा सावकाश विचार करते. ते तीन सेकंद सरता सरत नाहीत.

नेटबॉलच्या मैदानाचे तीन तुकडे असतात, आणि ते फार जुने. १८९२ साली अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन बाईंनी मुलींच्या बास्केटबॉलसाठी ते पाडले; नेटबॉल त्यातूनच निघाला. चेंडू तीन सेकंदांच्या वर धरायचा नाही, हेही त्यांचंच. मुलींना फार दमणूक नको, हा हेतू. पहिला पंधरा मिनिटांचा क्वार्टर संपला तेव्हा गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकणारा मैदानात एकटा मीच होतो.

बायकोच्या शाळेत पीटीच्या तासाला मुलं खेळायची आणि मुली कडेला बसून स्कोअर लिहायच्या. हिचं अक्षर चांगलं, म्हणून वही कायम हिच्याकडे. अजून आठवलं की माझंच डोकं फिरतं. ती मात्र हसून सोडून देते. इथे ती गोल अटॅक आहे. रिंग ३.०५ मीटर उंच, मागे फळी नाही. आपटून आत जाईल ही आशाच नको. समोर कुणाचा तरी लांबलचक हात, आणि ही घाई म्हणून करत नाही. गुडघे जरा वाकवते, मनगट सोडते.

गेला आत! मी ओळीच्या अलीकडे उभा राहून बोंबललो.

‘‘अरे, बघत काय बसलायस? मागे पळ, सेंटर पास त्यांचा आहे!’’