एकच घोट, सूनबाई!

गरोदर बाईने काय खाऊ नये, याची यादी आपल्याकडे प्रत्येकाला तोंडपाठ. पपई नको, अननस नको, तीळ नकोत, ग्रहणात तर हातात सुरीही नको. हीच यादी म्हणून दाखवणारी मंडळी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याच बाईच्या हातात वाइनचा ग्लास ठेवतात.

पपई उष्ण. वाइन घरची!

वसईत, गोव्यात, वांद्र्याच्या जुन्या गावठाणात नाताळ म्हणजे घरची वाइन. द्राक्षाची, जांभळाची, बिटाची, आल्याची. जिन्याखाली बरणी, बरणीच्या तोंडाला फडकं, आत साखर, यीस्ट आणि मूठभर गहू. आत्या रोज लाकडी डावाने ढवळणार, वास घेणार आणि समाधानाने मान हलवणार. मग गाळून बाटलीत. बाटली बहुधा जुन्या रोझ सिरपची, लेबल न काढलेली.

म्हणजे लेबलानुसार सगळं सात्त्विकच.

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं. आपण नाशिकच्या वायनरीत आहोत की आत्याच्या जिन्याखाली, याची चौकशी ते करत नाही. द्राक्षाच्या वाइनमध्ये साधारण १० ते १४ टक्के अल्कोहोल असतं. घरच्या बरणीत किती, हे आत्याला विचारा. ती म्हणेल, ‘‘अगं, द्राक्षाचा रसच तर आहे!’’

होता. नोव्हेंबरात.

आत्याला तरी का बोल लावायचा? २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने हिरवा कंदील दाखवला, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे, असं छातीठोकपणे सांगणारे निघालेच होते. गर्भातल्या बाळापर्यंत तो खुलासा पोचलेला नाही, एवढंच.

शिवाय आपलं राज्य कोणतं? जिथे १९४९चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे आणि दारू प्यायला परवाना लागतो. परवाना कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी! सरकारच जिथे प्रकृतीच्या नावाने पेला भरू देतं, तिथे आत्याने कुणाचं घोडं मारलंय?

बाटलीवर इशारा असतो, हे खरं. दारू आरोग्याला हानिकारक, पिऊन गाडी चालवू नका. अमेरिकेत १९८९पासून बाटलीवर गर्भवतींसाठी वेगळा इशारा छापावा लागतो. आपल्या बाटलीला काळजी गाडीची.

आता ‘एका घोटाने काय होतंय’ हा सनातन प्रश्न. सिॲटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी १९७३ साली, दारू पिणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये चेहऱ्याची वेगळी ठेवण, खुंटलेली वाढ आणि मेंदूचे दोष एकत्र दिसतात, हे मांडलं आणि त्याला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ असं नाव दिलं. आईच्या रक्तातलं अल्कोहोल वारेतून थेट बाळाकडे जातं. बाळाचं यकृत अजून घडत असतं. त्याला ते झेपत नाही. हे झालं भरपूर पिणाऱ्यांचं. मग थोडीचं काय?

ब्रिटनमध्येही थोडीची सोय होती. पहिले तीन महिने टाळा, पुढे आठवड्यातून एखाद-दोनदा जराशी चालेल, असं म्हणत. २०१६च्या जानेवारीत तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ही सवलत काढून घेतली. अजिबात न घेणं सर्वांत सुरक्षित, असा नवा सल्ला आला, कारण अमुक इतकी निर्धोक अशी रेघ कुणालाच मारता येईना. आपल्याकडे ती कधीच मारून झाली आहे. थोडी म्हणजे एक घोट, आणि घोट म्हणजे ग्लास संपेपर्यंत.

दिवस गेल्याचं कळायच्या आधी एखाद्या लग्नात ग्लास घेतला गेला असेल, तर डोकं धरून बसायचं कारण नाही. धोका बहुधा कमीच असतो. डॉक्टरांना सांगावं आणि पुढे बंद करावी. ही दिलाशाची गोष्ट मात्र घरात कुणी सांगत नाही. घाबरवणं आणि आग्रह करणं ही दोन्ही खाती एकाच माणसाकडे असतात.

खरी पंचाईत पहिल्या तीन महिन्यांची. बातमी कुणाला सांगायची नसते. पण चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर सगळं गोत जमलेलं असताना सुनेने ग्लास नाकारला, की काकीची नजर थेट तिच्या पोटाकडे. पुढच्या पाच मिनिटांत नालासोपाऱ्यापासून कुवेतपर्यंत फोन.

म्हणून ती बिचारी ग्लास घेते. गुपित राखायला!

त्यावर सोपा इलाज आहे. वाइनच्याच ग्लासात कोकम सरबत. रंगाने कुणाचा बाप ओळखणार नाही. ‘झिरो अल्कोहोल’ बिअर विकत आणणाऱ्यांनी मात्र डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचावीत. आपल्याकडच्या नियमात मद्याची व्याख्या अर्ध्या टक्क्याच्या वर सुरू होते. शून्य म्हणजे शून्यच, ही समजूत आर्यभटाच्या देशात तरी धरू नये.

बरं, पेला टळला. केकचं काय?

प्लम केकचे बेदाणे, चेरी, संत्र्याची साल ऑक्टोबरपासून रममध्ये पोहत असतात. ‘‘भट्टीत सगळं उडून जातं,’’ असं मावशी ठणकावून सांगते. उडतं, पण सगळं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात, पदार्थात मिसळून तासभर शिजवलं-भाजलं तरी पाव हिस्सा अल्कोहोल मागे उरतं. अडीच तासांनंतरही पाचेक टक्के असतंच.

आणि केक भट्टीतून निघाल्यावर मावशी काय करते, हे कुणी पाहिलंय का? दात कोरायच्या काडीने केकभर भोकं पाडते आणि चमच्याचमच्याने रम पाजते. दर रविवारी, न चुकता. मग बटर पेपर, त्यावर फॉइल, पुन्हा डब्यात. ही रम भट्टीच्या वाऱ्यालाही गेलेली नाही. ती उडणार कुठून?

एका चकतीने आकाश कोसळत नाही, मान्य. पण पाहुणचारात चकती कधी एकटी आली आहे? सुनेसाठी एक छोटा केक रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवायला काय लागतं? मावशीचं मन मोठं लागतं. ते यंदा महागलंय.

मग येतं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल. त्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. व्हिनेगरमध्ये मुरलेलं, तिसऱ्या दिवशी जास्त लागणारं, तळलेल्या फुग्यांबरोबर खाल्लं की माणूस भांडण विसरतो. पण त्यात डुकराची कलेजी असते. आणि कलेजी म्हटलं, की घरातला प्रत्येक जण रक्तवाढीचा तज्ज्ञ.

लोह असतं, शंका नाही. पण त्याच कलेजीत अ जीवनसत्त्व इतकं ठासून भरलेलं असतं, की १०० ग्रॅममध्ये सुमारे ६,५०० मायक्रोग्रॅम. गरोदरपणी दिवसाची वरची मर्यादा ३,००० धरतात, कारण या रूपातलं अ जीवनसत्त्व जास्त झालं तर बाळात व्यंग राहण्याचा धोका असतो. ब्रिटनमध्ये गर्भवतींना कलेजी वर्ज्यच सांगतात.

वाटीभर सोरपोतेलात कलेजी ती किती? थोडीच. पण आजी डाव घेऊन कढईत उतरते, मांस बाजूला सारते, चरबी बाजूला सारते आणि नेमके कलेजीचेच तुकडे वेचून सुनेच्या ताटात घालते. ‘‘दोन जिवांची आहेस, खा.’’

इतक्या मायेपुढे कोणता डॉक्टर टिकणार?

आता टेबलाकडे वळू. कोल्ड स्टोरेजमधून आणलेलं हॅम आणि सलामी, परदेशातून आलेल्या भाच्याने मिरवत आणलेलं कॅमेम्बर्ट चीज, मेयोनीजमध्ये न्हालेलं बटाट्याचं सॅलड. हे सगळं मिस्सेला जाताना मांडलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारीही तिथेच भेटतं. वर जाळी झाकलेली. माश्यांसाठी.

जंतूंना जाळी दिसत नाही. शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये आणि वाफा येईपर्यंत गरम करून मगच खावं, एवढा साधा नियम आहे. पण लिस्टेरिया नावाचा जंतू असा बेरकी, की फ्रिजमध्येही त्याची वाढ चालू राहते. बाकीचे गारठतात, हा संसार मांडतो. मऊ बुरशीचं चीज आणि न शिजवता खाल्लेलं थंड मांस ही त्याची आवडती घरं. गर्भवतींना त्याची बाधा इतरांपेक्षा कितीतरी लवकर होते. आईला जेमतेम ताप-अंगदुखी. गर्भपात किंवा मृत बाळ हा फटका पोटातल्या जिवाला.

१९८५ साली लॉस एंजेलिस परिसरात एका मऊ चीजमुळे १४२ जणांना ही बाधा झाली. त्यातले ९३ रुग्ण गर्भवती किंवा त्यांची बाळं. २०१७-१८मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलोनी नावाच्या तयार सॉसेजने दोनशेहून अधिक बळी घेतले. आणि लक्षणं दिसायला कधी कधी ७० दिवस लागतात. नाताळात खाल्लेलं हॅम मार्चमध्ये बोलतं. तोवर दोष सुनेने चोरून खाल्लेल्या पपईवर गेलेला असतो.

मेयोनीजची कथा तर ताजी आहे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगणाने ऑक्टोबर २०२४मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५मध्ये वर्षभराची बंदी घातली. ब्रिटनने उलट २०१७मध्ये सिंहाचा छाप असलेली अंडी अर्धकच्ची खायला गर्भवतींना मोकळीक दिली. तिथे त्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लस टोचतात. आपल्या नाक्यावरच्या अंड्याला पीस चिकटलेलं असतं. छाप नसतो.

तरी कच्च्या अंड्याचं एगनॉग हवंच. का? सिनेमात असतं म्हणून.

या सगळ्यात नवरा कुठे आहे? तो त्याग करतोय. ‘‘तिच्या वाटणीची मी घेतो,’’ असं म्हणत त्याने तिसरा ग्लास उचललाय. नऊ महिने तिने सोडायची, तर निदान एक संध्याकाळ यानेही कोकम घ्यावं, असं कुणी सुचवत नाही. सुचवलं तर सण बिघडतो म्हणे.

अजून एक हुकमी एक्का शिल्लक असतो. सगळं बोलून झालं, सून बधली नाही, की तो टेबलावर आपटला जातो. ‘‘आमच्या वेळी आम्ही सगळं खाल्लं-प्यायलं. आम्हाला काय मुलं झाली नाहीत?’’

झाली की. त्यातलाच एक आता तिसरा ग्लास संपवून गरोदर बायकोला म्हणतोय, घे ना, एका घोटाने काय होतंय!