कोपेश्वर, अर्ध्या तिकिटात

कोल्हापूरकराला देवळांची वानवा नाही. अंबाबाई गावात, जोतिबा डोंगरावर. पण सायकलवरून देऊळ बघायला जायचं ठरलं की भक्ती मागं पडते आणि चढाचा विचार आधी येतो. जोतिबाचा घाट नुसता आठवला तरी आमच्यातल्या एकाचा गुडघा दुखायला लागतो. म्हणून आमच्या सायकलवाल्यांच्या मंडळानं एकमतानं शिरोळ तालुक्यातला खिद्रापूरचा कोपेश्वर निवडला. कारण धार्मिक नव्हतं. हातकणंगले, जयसिंगपूर, नृसिंहवाडी, कुरुंदवाड असा साठेक किलोमीटरचा रस्ता बहुतेक सपाट आहे, एवढंच.

शिवाय खर्च नाही. सायकलीइतकी स्वस्त सहल दुसरी नाही, असं आमचा खजिनदार सांगतो, तेही गिअरच्या सायकलवर बसून. तिचे हप्ते अजून चालू आहेत. त्याची बायको म्हणाली, ‘‘मी एसटीनं अर्ध्या तिकिटात जाते, दर्शन घेते, वाडीचे पेढे घेते आणि तुमचं पंक्चर निघायच्या आत घरी येऊन भात लावते.’’ 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय. तेव्हापासून काटकसरीवर बोलण्याचा कुठल्याही नवऱ्याचा हक्क संपला, असं माझं मत आहे.

निघालो तेव्हा उसाचा हंगाम भरात होता. या दिवसांत आमच्याकडचा रस्ता ट्रॅक्टरवाल्यांचा असतो. मागं दोन ट्रॉल्या, त्यात मावेल त्यापेक्षा जास्त ऊस आणि कर्ण्यावर गाणं. ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येत नाही. मागच्यांना मात्र त्याचं सगळं ऐकावं लागतं. एका ट्रॉलीचा आडोसा धरून वारा चुकवत आम्ही मजेत चाललो होतो, तर उसाचं एक वाढं इतिहासकाराच्या हेल्मेटात अडकलं. इतिहासकार म्हणजे आमच्यातला जो ऐकणारा मिळेल तिथं थांबतो तो. पारावरचा एक म्हातारा ते ध्यान बघून म्हणाला, ‘‘पावणं, कुठनं आलासा?’’

‘‘कोल्हापुरास्नं.’’

‘‘सायकलवरनं? एसटीचा संप हाय व्हय?’’

मोटरसायकलवर जे हेल्मेट डोक्यावर बसत नाही ते सायकलवर कशाला, हा त्याचा पुढचा प्रश्न. त्याला अजून उत्तर सापडलेलं नाही.

सायकलीला पेट्रोल लागत नाही हे खरं, पण चालवणाऱ्याला लागतं. हातकणंगल्याच्या अलीकडं मिसळ झाली, कट दोनदा मागून झाला. जयसिंगपुरात रस. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुकांचं दर्शन घेतलं. पावसाळ्यात नदी चढली की पाणी उत्तरेच्या दारानं देवळात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्यात न्हायला माणसं लोटतात. आम्ही कोरड्यातच होतो, त्यामुळं बासुंदीत बुडालो. वर कवठाची बर्फी. खजिनदारानं वहीत नोंद केली : ‘इंधन’.

खिद्रापुरात पोचल्यावर मात्र सगळ्यांची तोंडं बंद झाली, थोडा वेळ. बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ. पुढच्या स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळं आभाळ, खाली त्याच मापाची गोल शिळा आणि भोवती वर्तुळात बारा खांब. बोटानं चाचपलं तर खांबाच्या कडा अजून हाताला लागतात. त्या आभाळाखाली खजिनदार बराच वेळ मान वर करून उभा होता. आम्हाला वाटलं, तल्लीन झाला. मग म्हणाला, ‘‘स्लॅबपर्यंत आले आणि पैसे संपले बघ.’’

इतिहासकारानं त्याला दक्षिणेच्या दाराशी नेलं. तिथं यादव राजा सिंघणदेवाचा शके 1136 चा देवनागरी शिलालेख आहे. देवाच्या खर्चासाठी दान दिल्याची नोंद. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचं बजेट दगडात कोरलंय, आणि आमचं खजिनदाराच्या वहीत पेन्सिलीनं.

या शिवाच्या समोर नंदी नाही. गोष्ट अशी की दक्षाच्या यज्ञाला सती माहेरी गेली ती नंदीवर बसून. तिथं तिनं प्राण सोडला आणि शंकर कोपला, म्हणून कोपेश्वर. त्याची समजूत घालायला विष्णू आला, तो धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघं शेजारी आहेत. नंदी मात्र नदीपलीकडं, कर्नाटकातल्या यडूरला. आमचाही एक गडी जयसिंगपुरात सासुरवाडीला म्हणून वळला तो परत आलाच नाही, आणि हवेचा पंप त्याच्याकडंच राहिला. त्यामुळं ही कथा आम्हाला चटकन पटली.

बाहेरच्या भिंतीला तळाशी हत्तींची रांगच आहे, नव्वदच्या वर, आणि त्यांच्यावर देव स्वार. 1054 ची चोळ-चालुक्यांची कोप्पमची लढाई इथलीच, असं बरेच अभ्यासक मानतात. त्या लढाईत चोळ राजा राजाधिराज हत्तीवरच मारला गेला. हे इतिहासकार रंगात येऊन सांगत होता, तेवढ्यात बाहेर फस्स आवाज झाला. चाक खजिनदाराचं होतं. पंप सासुरवाडीला.

परतीचा वारा समोरून, उजेड संपत आलेला. शेवटी कुरुंदवाडकडं रिकामा निघालेला एक छोटा हत्ती थांबला. ड्रायव्हरनं मागं सायकली रचल्या, सायकलींवर आम्हाला रचलं आणि जो आकडा सांगितला तो ऐकून खजिनदारानं वही मिटली.

हिशेब दुसऱ्या दिवशी झाला. माणशी खर्च एसटीच्या पूर्ण तिकिटाच्या कितीतरी पट. अर्ध्या तिकिटाशी तुलना करायची नाही, असा ठराव आमच्या मंडळानं मंजूर केलाय.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. ऊन डोक्यावर असताना स्वर्गमंडपात पोचा, गाभाऱ्यासाठी बॅटरी न्या, आणि पंप मात्र अशा माणसाकडं द्या ज्याची सासुरवाडी वाटेत नाही.