किट आहे का किट?

१८८६ साली इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंदे सरकारांना परत दिली, बदल्यात झाशी घेतली, आणि वर १५ लाख रुपये मोजून घेतले. एक किल्ला, एक छावणी आणि एक अख्खं शहर इकडचं तिकडे झालं, पण कुणी कुणाला फिटनेस सर्टिफिकेट मागितल्याचं ऐकिवात नाही. त्याच मुरारमध्ये आज एका मारुती ८०० च्या आरसीवर, इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल'च्या जागी 'इलेक्ट्रिक' लिहून घ्यायचंय. तेवढ्यासाठी तह करायला मात्र पलीकडे कुणी उभंच राहत नाही.

मारुती आमच्या गल्लीतल्या काकांची. काका वीजखात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त माणसाने सकाळी फिरायला जावं, दुपारी पेपरवर झोपावं, संध्याकाळी सुनेच्या कढीला नावं ठेवावीत. काकांनी अंगणात चेन-पुली टांगली, मारुतीचं इंजिन उपसून काढलं आणि भंगारवाल्याला देऊन टाकलं. त्या जागी जुन्या फोर्कलिफ्टची मोटर बसवली. गिअरबॉक्स तोच ठेवला. मोटर आणि गिअरबॉक्स जोडणारी प्लेट लेथवाल्याच्या डोक्यावर बसून कातून घेतली. पेट्रोलच्या टाकीच्या जागी आणि मागच्या सीटखाली लिथियमचे सेल. गाडी सुरू झाली तेव्हा गल्लीला पत्ताही लागला नाही, कारण आवाजच झाला नाही. काकूंना मात्र लागला, कारण तुळशीवृंदावन जागचं हललं.

तेव्हापासून गाडी सदर बाजारापर्यंत जाते, भाजी घेऊन येते, उताराला थोडी वीजही परत मिळवते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती जन्मलेलीच नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीतला तपशील वेगळा होईल, असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. म्हणजे जुनी गाडी विजेवर नेणं बेकायदा? छे, छे! २०१६ सालीच केंद्र सरकारने नियम करून त्याला वाट करून दिली आहे. एआयएस-१२३ नावाचं मानक आहे, त्याचा तिसरा भाग खास निव्वळ विजेवर नेलेल्या गाड्यांसाठी आहे. गाडी १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर बनलेली असली की झालं. काकांची १९९८ ची. काकांनी एवढं वाचलं आणि पेढे आणले. पेढे आणण्याआधी पुढचा परिच्छेद वाचायला हवा होता.

मंजुरी गाडीला मिळतच नाही. मंजुरी किटला मिळते. किट बनवणाऱ्याने ते चाचणी संस्थेकडून पास करून घ्यायचं, ते कोणकोणत्या गाड्यांना चालेल हेही ठरवून घ्यायचं, मग त्याने नेमलेल्या अधिकृत माणसाने ते बसवायचं, आणि मग कुठे आरटीओ आरसीवर हात चालवणार. काका चौकशीला ज्या खिडकीशी उभे राहिले तिथला संवाद मी त्यांच्याच तोंडून ऐकला आहे. बोलणं अर्थातच हिंदीत झालं. मी मराठीत देतो, म्हणजे दुःख घरातल्या घरात राहील.

"किट कोणत्या कंपनीचं?"

"कंपनीचं नाही. मीच बनवलंय."

"मग कंपनी म्हणून तुमचं नाव घालू?"

"माझी कंपनी नाही हो."

"मग किट कुणाचं?"

"किट असं नाहीच. मोटर आहे, कंट्रोलर आहे, सेल आहेत."

"म्हणजे किट आहे."

"तसं म्हटलं तर आहे."

"कोणत्या कंपनीचं?"

खिडकीतल्या बाबूला मी दोष देणार नाही. त्याच्या समोरच्या पडद्यावर कंपनीचा रकाना होता आणि तो रिकामा सोडला की पुढचं पान उघडत नव्हतं. देशातले कितीतरी थोर निर्णय हल्ली असेच घेतले जातात.

मग काकांना कुणीतरी सल्ला दिला, की कंपनीच काढा. पुण्यात १९६६ पासून एआरएआय ही चाचणी संस्था आहे, मानेसरला आयकॅट आहे, आपल्या मध्य प्रदेशातच पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे. तिथे किट पास करून घ्या आणि मग स्वतःच्या कंपनीचं किट स्वतःच्या गाडीला स्वतःच अधिकृतपणे बसवा. नर्मदेकाठी बुदनीलाही केंद्र सरकारची चाचणी संस्था आहे, पण ती मुख्यतः ट्रॅक्टर आणि शेती यंत्रांची. काकांनी एका संध्याकाळी मारुतीला नांगर जोडण्याचा विचार गंभीरपणे केला होता, हे मी शपथेवर सांगतो.

कंपनी काढायची तर बॅटरीही कंपनीला शोभेल अशी हवी. तिची परीक्षा वेगळी. तिला हादरवतात, शॉर्ट करून पाहतात, प्रमाणाबाहेर चार्ज करतात, आगीवर धरतात. असल्या परीक्षेला बसलेली बॅटरी परत मोटारीत बसण्याच्या लायकीची उरत नाही. मोठ्या कंपनीला त्याचं काय! हजारो बनवायच्या, चारदोन जाळायला दिल्या. काकांकडे बॅटरी एकच. म्हणजे ती पास झाली तर गाडी बसून राहणार, आणि नापास झाली तरी बसूनच राहणार.

आता इथे मला सरकारची बाजू घ्यायची आहे. सदर लिहिणाऱ्याने वर्षातून एकदा तरी घ्यावी. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेच्या स्कूटर रस्त्यात पेटलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या, आणि त्या सगळ्या पास झालेल्या होत्या. त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले ते योग्यच झालं. मुरारच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि काकांच्या सेलवर काकूंची माहेरची माणसं बसतात. तेव्हा काकांची गाडी तपासू नका, असं कुणीच म्हणत नाही. काका तर तपासा म्हणून हात जोडून उभे आहेत. अडचण अशी की हजार गाड्यांचं किट तपासायला आपल्याकडे मोठमोठ्या संस्था आहेत, आणि एक गाडी तपासायला माणूस नाही.

बरं, न विचारता चालवावी, तर कलम १८२-ए वाचून ठेवा. परवानगीशिवाय गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द ज्याने कुणी लिहिले तो माणूस पूर्वी नक्की लग्नाच्या हॉलची बिलं करत असणार. इंजिन काढलं, ५,०००. मोटर बसवली, ५,०००. टाकी, रेडिएटर, सायलेन्सर, धरा १५,०००. पेट्रोलचा काटा काढून बॅटरीचा लावला, हे एक की दोन? काकांनी हिशेब मांडला, तर दंड गाडीच्या मूळ किमतीकडे सरकू लागला.

त्यातून पीयूसीची गंमत आहे. विजेच्या गाडीला पीयूसी लागत नाही. पण आरसीवर अजून 'पेट्रोल' आहे, म्हणून काकांच्या गाडीला लागते. पीयूसीवाला पोरगा नळी हातात घेऊन गाडीच्या मागे वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. नळी घालायला भोकच नव्हतं. "सायलेन्सर कुठंय?" "नाही." "मग धूर कुठून येतो?" "येत नाही." "मग पीयूसी कसली देऊ?" धूर सोडत नाही म्हणून प्रदूषणमुक्तीचा दाखला नाकारला गेलेली ती बहुधा मुरारमधली पहिली गाडी असावी.

आणि हे सगळं त्या शहरात, जिथे विजेची गाडी राजाच्या जेवणाच्या टेबलावर धावली आहे! जयविलास महालातली चांदीची आगगाडी विजेवर चालते, पाहुण्यांना मद्य आणि सिगार पोचवते, आणि कुणी बाटली उचलली की जागच्या जागी थांबते. स्वयंचलित ब्रेक, शून्य धूर, ठरलेला मार्ग. तिचा निर्माता होता इंग्लंडचा आणि मालक होते महाराज, त्यामुळे कंपनीचा रकाना रिकामा राहिला नाही.

महाराजांचं सोडा, ई-रिक्षांचं घ्या. सुरुवातीला त्यांना नंबर नव्हता, लायसन नव्हतं, विमा नव्हता. जुलै २०१४ मध्ये दिल्लीच्या उच्च न्यायालयाने बंदी घातली. त्याच ऑक्टोबरात केंद्राने नियम केले आणि २०१५ साली संसदेने कायदाच बदलला. आज मुरारमध्ये रस्ता ओलांडायचा तर दोन ई-रिक्षांच्या मधून आडवं होऊन जावं लागतं. काकांचं चुकलं ते इथे. कायदा मोडायचा तर एकट्याने मोडू नये. इतक्या जणांनी मिळून मोडावा की सरकारला त्याचं धोरण करावं लागेल.

एकट्यासाठी एक वाट आहे, पण ती सांगली जिल्ह्यातून जाते. यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी, देवराष्ट्र्याला, दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. खर्च साठेक हजार. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांपर्यंत पोचला. त्यांनी कौतुक केलं, आणि ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, असंही सांगून टाकलं. बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो घरी आली आणि जीप कंपनीकडे गेली. ही गोष्ट सगळ्यांनी आनंदाने पुढे पाठवली, मीही पाठवली. पण नीट बघितलं तर, घरी बनवलेल्या गाडीला मंजुरी मिळण्याचा आपल्याकडचा सर्वांत सुखद मार्ग म्हणजे ती गाडी देऊन टाकणं, हाच आहे.

न्यूझीलंडमध्ये अशा घरी बदललेल्या एकेका गाडीसाठी नेमलेले तपासनीस असतात. ते गाडीखाली झोपतात, वेल्डिंग ठोकून बघतात, ब्रेक तपासतात, आणि पटलं तर गाडीवर एक पत्र्याची पट्टी ठोकून देतात. त्या गाडीच्या नावाने, त्या एकाच गाडीसाठी. काकांना हे सांगितल्यापासून ते तिकडच्या हवामानाची चौकशी करत असतात.

पण जायचं कशाला? मध्य प्रदेशाच्या परिवहन आयुक्तांचं मुख्यालय ग्वाल्हेरातच आहे. ग्वाल्हेरच्या मेळ्यात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना रोड टॅक्समध्ये निम्मी सूट देण्याची सोय याच सरकारने करून दाखवली आहे. १९०५ साली गुराढोरांसाठी भरलेल्या मेळ्यात आज एसयूव्ही घ्यायला भिंड-मुरैन्याहून रांग लागते. नव्या डिझेल गाडीवर लाखाची सूट देता येते, तर जुन्या गाडीचा धूर ज्याने स्वतःच्या खर्चाने बंद केला त्याला निदान तपासून तरी घ्या. नियम दिल्लीचा आहे हे मान्य. मग दिल्लीला एक पत्र लिहा: किटबरोबर एकेका गाडीच्या तपासणीचीही सोय करा. फी लावा, इन्स्पेक्टर पाठवा, बॅटरी बाहेर काढून बघा, वायरी ओढून बघा, भरल्या गाडीने चढ चढवून बघा, नापास करायची तर कारण लिहून करा. काका दुसरी बॅटरीही बनवायला तयार आहेत, जाळण्यासाठी वेगळी.

तोवर मुरारकरांना एकच विनंती. काका रस्त्यात भेटले तर "गाडी पास झाली का?" असं विचारू नका. त्यांना खात्रीचा फोर्कलिफ्टवाला ठाऊक आहे, आणि ते तुमच्या मारुतीकडे बघायला लागले आहेत.